घोड्यावर बसायचं तर काष्टाच

अमरावती, पौष महिना

चि. मंजूस,


12 जानेवारीला जिजाऊ जयंतीच्या मिरवणुकीत आपली चिमी जिजाऊ होऊन घोड्यावर बसणार, हे वाचून ऊर भरून आला. सिंदखेडराजाची लेक म्हणजे आपल्या वऱ्हाडची लेक. पण पुढच्याच ओळीत तू विचारतेस, पैठणी जांभळी घेऊ की हिरवी? आणि वर, "रंग शोभला म्हणजे झालं." काय वं मंजू! इतिहास घेऊन बी.ए. झालीस ना तू?

रंगाचं मागून सांगते. आधी मला सांग, त्या काळी मोठ्या घरची बाई परक्या मुलखात निघाली की काय नेसत असेल? दिवसदिवस घोड्यावर नाहीतर मेण्यात, वाटेत नद्या, घाट, लुटारूंचं भय. आणि दरबार म्हणजे काही मिरवायची जागा नव्हे. जिजाऊचे वडील लखुजी जाधवराव निजामशाही दरबारात गेले आणि 1629 साली तिथंच, देवगिरीवर, मुलांसकट मारले गेले. जिथं मानाची वस्त्रं मिळायची तिथंच गळा कापला जायचा. अशा जगात वावरणाऱ्या बाईचं नेसणं पहिल्यांदा तिला उठता यावं, चढता यावं, निघता यावं, यासाठी असतं. शोभा त्याच्या मागून.

बाजीराव पेशव्यांची आई राधाबाई आठव. 1735 साली ती पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाली. वाटेत उदेपूरच्या महाराण्यानं आणि जयपूरच्या सवाई जयसिंहानं तिचा सत्कार केला. राजपुतांचे ते दरबार, तिथल्या बायकांची ती जर-जवाहिरं! आणि ही तर 1720 पासून विधवा. दागिन्यांनी दिपवणं तिच्या हाती नव्हतंच. तिचा मान होता लेकाच्या नावात आणि तिच्या स्वतःच्या वागण्यात. वर्षभराहून अधिक फिरून ती सुखरूप परतली.

बायजाबाई शिंद्यांच्या नेसण्याचं तर लिहूनच ठेवलेलं आहे. दौलतराव शिंद्यांची ही राणी. त्याच दौलतरावांनी 30 डिसेंबर 1803 ला आपल्या अंजनगाव सुर्जीला इंग्रजांशी तह केला. पुढे 1833 साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं आणि परक्या मुलखात, फत्तेगडला, तंबूत राहायची पाळी आली. 1835 मध्ये फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना तिथं भेटली. तिनं पाहिलं ते असं: अगदी साधं तांबडं रेशमी वस्त्र, हातात सोन्याच्या दोन साध्या कांबी, दुसरा दागिना नाही, आणि पुढ्यात नवऱ्याची तलवार. राज्य गेलेलं, तरी दरबार तिच्याभोवतीच भरत होता.

फॅनीला सगळ्यात नवल वाटलं ते आपल्या लुगड्याचं. एकच लांब वस्त्र, कमरेला गुंडाळून त्याचा भाग पायांमधून मागे नेऊन खोचला की घागराही तोच आणि विजारही तीच! तिच्या देशातल्या खानदानी बायका घोड्याच्या एकाच अंगाला दोन्ही पाय सोडून बसायच्या. मराठी बायकांना ते विचित्र वाटलं. मग त्यांनी फॅनीलाही आपल्या रीतीनं बसवलं. राणी एलिझाबेथच्या काळी बायकांची बसण्याची रीत बदलली तो मूर्खपणाच झाला, असं तिनं पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. बायजाबाईंची नात गजराजासाहेब तर घोडेस्वारीत तरबेज होती.

म्हणून मी चिडते. ज्या बायकांनी नेसण्यातून पाय मोकळे ठेवले, त्यांच्या नावानं आपण पोरींना गुंडाळून, पिना टोचून, मखरात बसवल्यासारखं बसवतो. मिरवणुकीतच नाही, लग्नातही तेच. नवरीला धड जिना चढता येत नाही, दोघी जणी घेर उचलून धरतात. कोणी तिला विचारत नाही, बाई गं, तुला चालता येतंय का? आपल्या आजीला आठव. ऋणमोचनच्या यात्रेला पौषातल्या थंडीत दमणीतून निघायची, सुती लुगडं, पदर कमरेला खोचलेला. बैल बिथरले की गाडीवानाच्या आधी तीच खाली उडी मारायची. तुझ्या वडलांना कडेवर घेऊन मारलेली उडी मी पाहिली आहे.

तर ऐक. पैठणी नको. आजीचं हिरवं सुती नऊवार माझ्या पेटीत आहे, ते पाठवते. बाजारातली शिवलेली नऊवारी आणू नकोस. नाचापुरती ठीक, पण मांडी फाकवून बसलं की शिवण उसवते. काष्टा घट्ट ओढून खोच, पदर उजव्या बाजूनं पुढे घेऊन कमरेत अडकव, लोंबता ठेवू नकोस. आतून गुडघ्याखालपर्यंत चड्डी घाल. मोठा मुकुट नको, डोकं जड झालं की तोल जातो.

आणि घोडं कोणतं आहे? लग्नाच्या वरातीतलं असेल तर ते डीजेला सरावलेलं असतं, पण फटाक्यांना सरावलेलं असेलच असं नाही. आदल्या दिवशी चिमीला त्याच्यावर बसवून पाहा. रिकिबी तिच्या पायाइतक्या आखूड करून घे. पोरीचा पाय पोचला नाही तर काष्टा काय कामाचा? लगाम घोडेवाल्याच्याच हातात राहू दे, आणि जावईबापूंना बाजूनं चालायला सांग, फोटो दुसरं कोणी काढेल. सकाळी धुकं असतं, आत स्वेटर घाल. पोरीला भीती वाटत असेल तर तसं मला स्पष्ट कळव. भिणारी जिजाऊ घोड्यावर बसवण्यापेक्षा पायी चालणारी जिजाऊ मला चालेल. घोड्याचं काय ठरलं ते उलट टपाली लिही, तोवर मला झोप नाही.

तुझी,
आत्या