येमेनचा पाहुणा आणि जाळीचे कपाट

अमेरिकेच्या नकाशात खाली उजव्या कोपऱ्यात पाहिले, तर जमिनीने एक बोट समुद्रात बुडवून ठेवल्यासारखे दिसते. ते फ्लोरिडा. त्या बोटाच्या पश्चिम अंगाला, कलूसाहॅची नदीच्या काठी, फोर्ट मायर्स हे गाव आहे. आमचा भाचा नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झाला आहे. त्याच्या आग्रहावरून फेब्रुवारी-मार्चचे सहा आठवडे आम्ही उभयतांनी तेथे काढले. उत्तरेकडे बर्फ पडत होते आणि येथे माणसे अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून हिंडत होती.

दिव्याच्या एडिसनने १८८५ साली या नदीकाठी जागा घेतली आणि पुढे आपले कितीतरी हिवाळे येथे घालवले. त्याचे घर आता संग्रहालय झाले आहे. तेथे गेल्यावर समोर पाहतो तो चक्क वड! टायरवाल्या फायरस्टोनने १९२५ च्या सुमारास त्याचे रोपटे एडिसनला दिले. अमेरिकेतल्या अमेरिकेत रबर कशापासून काढता येईल, या शोधात ही मंडळी होती. रबराचे राहिले बाजूला; वड मात्र पारंब्या सोडत एकरभर पसरला आहे. आमच्या सौभाग्यवतींनी खोडाला हात लावून पाहिला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

या मुलखातले बरेच काही असे बाहेरून आलेले आहे. येथला प्रसिद्ध हेडन आंबा घ्या. भारतातून १८८९ साली आलेल्या मलगोबाचीच ती संतती. माणसांचे तर विचारूच नका. आणि याच पंगतीला बसलेला एक पाहुणा भाच्याच्या घरी मुक्कामाला होता. आपल्याकडे ज्याला सरडगुहिरा म्हणतात, इंग्रजीत शॅमिलिअन, त्याचा हा येमेनी चुलतभाऊ. भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने तो पाळला होता.

प्राणी मोठा चमत्कारिक. हिरव्या अंगावर पिवळे पट्टे, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा आणि चिमट्यासारखी बोटे. एक डोळा आमच्याकडे, तर दुसरा छताकडे. चालताना एक पाऊल उचलतो, वाऱ्यावरच्या पानासारखा पुढेमागे डुलतो, मग ते टेकतो. पण रातकिडा दिसला, की अंगापेक्षा लांब जीभ सुटते केव्हा आणि परत येते केव्हा, ते कळत नाही. आसपासच्या रंगाप्रमाणे तो रंग बदलतो, ही आपली जुनी समजूत. खरे पाहता राग, भीती, ऊन, थंडी यांप्रमाणे त्याचा रंग पालटतो. त्याच्या मादागास्करच्या भाऊबंदांवर जिनीव्हा विद्यापीठातील संशोधकांनी काम केले आणि २०१५ साली त्यातली मेख सांगितली. कातडीतल्या काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात; त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले, की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो.

तो लहान होता तोवर बाजारच्या पिंजऱ्यात भागले. आता शेपटीसकट दीड फुटावर गेला. तेव्हा भाच्याने घरीच लाकडी घर बांधायला काढले, आणि आमचे शनिवार-रविवार त्यात गेले.

माप ठरले दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. हा झाडावरचा जीव. त्याला अंगण नको, माडी हवी. लाकूड घ्यायला गेलो तेव्हा मौज झाली. ‘दोन बाय दोन’ म्हणून घेतलेली पट्टी मोजली, तर दीड इंच भरली. मी दुकानदाराशी भांडायच्या बेतात होतो, भाच्याने हळूच सांगितले, “मामा, इथे हीच रीत आहे. रंधा मारल्यावर जे उरेल ते उरेल, नाव मात्र जुनंच!” लाकूड साधे पाइनचे. वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेले लाकूड त्याने मुद्दाम टाळले, आणि वासाचे सीडारही. त्यातले तेल अशा प्राण्यांना बाधते.

चार खांब, वरखाली आडव्या पट्ट्या, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून स्क्रूने आवळलेले सांधे. पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिशचे तीन हात दिले आणि वास पुरता जाईपर्यंत सांगाडा कित्येक दिवस उघड्यावर ठेवला. जाळी धातूची, कारण दोऱ्याची किंवा प्लॅस्टिकची जाळी रातकिडे कुरतडतात. आणि रंगाने काळी, कारण काळ्या जाळीतून आतले स्वच्छ दिसते. तळाला उतार देऊन भोक ठेवले, खाली पाण्याचे तसराळे.

पाण्याचे प्रकरण तर फारच गोड. हा गृहस्थ वाटीतले पाणी पीत नाही. पानावरचा थेंब तेवढा चाटतो. म्हणून छतावर बारीक भोकाचे भांडे ठेवायचे आणि थेंब थेंब पाणी खालच्या जास्वंदीवर पडू द्यायचे. सौभाग्यवती म्हणाल्या, “अरे, हे तर अभिषेकपात्र!”

मुलीचा हट्ट होता, की एक बाजू काचेची करायची आणि पिंजरा बैठकीच्या खोलीत मांडायचा. मैत्रिणी आल्या, की दिसला पाहिजे. बापाने रागावून नव्हे, तर समोर बसवून समजावले. काचेतून ऊन येते. पण त्याच्या हाडांना लागणारे अतिनील किरण साधी काच अडवते. ते मिळाले नाहीत, तर ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडे मऊ पडून वाकतात. शिवाय काचेत आपलेच प्रतिबिंब पाहून तो दुसरा नर समजतो आणि दिवसभर फुगून बसतो. मुलगी हिरमुसली. “मग तो मला दिसणार कधी?” बाप म्हणाला, “त्याला वाटेल तेव्हा.” दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच आणखी एक कुंडी आणून आत ठेवली; त्याला दडायला पाने कमी पडतात म्हणे.

“पण एकटा कसा राहील बिचारा? एक जोडीदार आणा की,” ही सूचना अर्थातच आमच्या सौभाग्यवतींची. उत्तर ऐकून त्या थक्क झाल्या. या जातीला सोबत म्हणजे शिक्षा. दुसरा नुसता नजरेस पडला, तरी तो काळवंडतो.

घराची जागा ठरली मागच्या पडवीत. तेथे पडव्यांना चारी बाजूंनी जाळी असते, ऊनवारा मोकळा मिळतो. अडचण एकच: फ्लोरिडातल्या तांबड्या आगमुंग्या. कोंडलेल्या प्राण्याला त्या जिवंत सोडत नाहीत. येथे मात्र सौभाग्यवतींनी बाजी मारली. त्यांच्या माहेरच्या स्वयंपाकघरात दुभत्याचे जाळीचे कपाट होते आणि त्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. तीच युक्ती येथे केली. चार वाट्या आल्या, त्यांत पिंजऱ्याचे पाय बसले, मुंग्यांचा रस्ता बंद. भाचा म्हणाला, “मामी, एवढी पुस्तकं वाचली, पण हे कपाट विसरलोच होतो!”

दोन्ही बाजूंना उचलायच्या मुठी लावल्या. थंडीच्या रात्री दोघांनी पालखीसारखे उचलून घर आत न्यायचे. वादळाचा इशारा आला, तरीही तेच. २८ सप्टेंबर २०२२ च्या ईयन वादळाने या किनाऱ्याची जी दैना केली, तिच्या खुणा आम्हांलाही दिसल्या.

शेवटचे काम दाराचे. एका कडीने भागले असते; भाच्याने दोन बसवल्या, एक वर, एक खाली. मी म्हटले, “अरे, एवढासा प्राणी, तिजोरीचा बंदोबस्त कशाला?” त्याने त्या रात्री मला आणि मुलीला बॅटरी घेऊन जवळच्या मोकळ्या झाडीत नेले. पंधरा-वीस मिनिटे काही नाही. मग एका फांदीच्या टोकाला फिकट, पांढरटसे काही चमकले. झोपलेला शॅमिलिअन! शेपटीची गुंडाळी, डोळे मिटलेले. थोड्या अंतरावर दुसरा.

हे येथले नव्हेत. कुणी कंटाळून सोडलेले, कुणाचे निसटलेले, तर काही व्यापाऱ्यांनी पुढे पकडून विकता यावेत म्हणून मुद्दाम झाडीत सोडलेले. येमेनी जातीची फ्लोरिडातली पहिली नोंद २००२ साली याच ली परगण्यात झाली. परक्या अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ससे-रॅकूनसारखी जनावरे कशी संपवत आणली, हे तेथे शाळेतली मुलेही सांगतात. परका प्राणी मोकळा सोडणे तेथे गुन्हा आहे. नको झाला, तर सरकारी वन्यजीव खात्यामार्फत तो दुसऱ्या पाळणाऱ्याकडे देण्याची सोय आहे. मुलगी परतताना गप्प होती. घरी आल्यावर तिने खालची कडी हाताने ओढून पाहिली, आणि मग वरचीही.

हे वाचून आपल्या बाळगोपाळांनी असा हट्ट धरला, तर त्यांना एवढेच सांगावे, की आपल्या सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला घरी ठेवणे गुन्हा आहे. तशी गरजही नाही. आपल्याकडे बाभळी-करवंदीच्या जाळीत तो आपला आपण राहतो. पाऊस सरल्यावर गावाबाहेर फिरायला गेलात, तर कुंपणाकडे अंमळ सावकाश पाहा. एखादे पान वारा नसताना डुलताना दिसले, तर मुलांना जवळ बोलवा, हाताची घडी घाला आणि तो झुडपाआड जाईपर्यंत उभे राहा. गावकरी त्याला विषारी समजून दगड मारू लागले, तर तो विषारी नाही, हे तेवढे सांगा.