चिवचिव, किंचाळी आणि घरघर

घरात तान्हं मूल आणि दारात जुनी मोटार असली की माणसाचे कान तिखट होतात. मूल झोपेत जरा चुळबुळलं तरी आई जागी होते, तसाच मोटारवाला रंगात आलेल्या गप्पा तोडून म्हणतो, "थांबा हो, हा आवाज काल नव्हता!" शेजारी बसलेल्या माणसाला काहीच ऐकू आलेलं नसतं. तो बिचारा 'असेल, असेल' म्हणून मान डोलावतो.

खरी पंचाईत पुढेच असते. डॉक्टरच्या पायरीवर दाढ ठणकायची थांबते, तसा गॅरेजच्या दारात हा आवाज हटकून बंद होतो. मग आपल्याला तो तोंडानं काढून दाखवावा लागतो. बँकेतल्या एका अतिशय गंभीर अधिकाऱ्याला भर दुपारी 'चीं... चिक्... चीं' असं म्हणताना मी पाहिलं आहे. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते पाहायला हवं होतं!

पण मराठी माणसानं या बाबतीत कुरकुर करू नये. हा 'कुरकुर' शब्दच पाहा ना! किरकिर, खडखड, खुळखुळ, टकटक, ठकठक, घरघर... आपल्या भाषेनं हे भांडार आधीच भरून ठेवलं आहे. पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्याच एका बोळात आमच्या मिस्त्रींचं गॅरेज. हे भांडार मिस्त्रींना तोंडपाठ. गिऱ्हाइकानं 'आवाज येतो' म्हटलं की ते विचारायचे, "आवाज देवळातसुद्धा येतो, साहेब. चिवचिव की किंचाळी?"

चिवचिव म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा पट्टा आणि त्याच्या पुल्या एका ओळीत नाहीत. इंजिनाची गती वाढली की चिमण्याही घाई करतात. किंचाळी म्हणजे पट्टा घसरतो आहे. पावसाळी सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर ती हमखास यायची, कारण त्या वेळी बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटरवर भार असतो आणि ओला, सैल पट्टा तो पेलत नाही. दोन्हींतला फरक कळला नाही, तर मिस्त्री चालत्या पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा मारीत. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली वाकडी किंवा पट्टा झिजलेला. उलट वाढला तर पट्टा सैल. आणि पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर? मग मिस्त्री गप्प होत. मग ती घरघर असण्याचा संभव. बेअरिंगची. या शब्दाचा दुसरा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नकोच.

हा पट्टा दिसायला किती क्षुद्र! पण फियाट-अँबॅसडरच्या जमान्यात पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो या तिघांचा संसार त्याच एकट्यावर चाले. तो घाटात तुटला की पाणी उकळे आणि प्रवासी दगडावर बसून निसर्गशोभा पाहत. म्हणून जुने ड्रायव्हर डिकीत एक पट्टा जास्तीचा ठेवीत. हल्लीच्या गाड्यांत पंखा बहुधा विजेवर फिरतो, तरी पुष्कळ गाड्यांत पंप पट्ट्यावरच असतो. (इंजिनाच्या पोटात टायमिंगचा पट्टा असतो, तो निराळा. तो बहुधा काही न बोलताच तुटतो, आणि मग पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होते. तो कान देऊन नव्हे, किलोमीटर मोजून बदलावा.)

2016 च्या पावसाळ्यात आमच्या गाडीची किंचाळी सुरू झाली. मिस्त्री गावाला गेले होते, म्हणून घराजवळच्या एका गॅरेजवाल्यानं पट्टा करकचून आवळला. आवाज बंद! सोसायटीतल्या तज्ज्ञांनी त्याची तारीफ केली. आठ दिवसांनी एका संध्याकाळी वाईहून भाच्याचा फोन आला, "मामा, आईला दवाखान्यात ठेवलंय. तू ये." अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तिनंच मला वाढवलेलं. मी गाडी सुरू केली, आणि पुढून एक जाड, खरखरीत आवाज येऊ लागला. वाटेत कात्रज, पुढे खंबाटकीचा चढ. मी गाडी आधी नाना पेठेत घातली.

मिस्त्री परतले होते. गॅरेज बंद करण्याच्या बेतात होते. चाळीस वर्षं इंजिनाजवळ काढून त्यांचे कान तोवर पार गेले होते. माझं बोलणं त्यांचा मुलगा त्यांना ओरडून सांगत होता. मिस्त्रींनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ दातांत धरली, आणि चालत्या इंजिनात पट्ट्यापासून बेतानं दूर राहून टोक आधी अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं. डोळे मिटलेले. मग पंपावर. तिथं ते बराच वेळ थांबले. कानानं दगा दिला होता, पण जबड्याचं हाड अजून इमानी होतं.

"पंप," ते म्हणाले, आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. आत कुणीतरी जात्यात वाळू दळत होतं.

खात्रीसाठी त्यांनी इंजिन बंद करून पट्टा काढला आणि काही सेकंदच ते पुन्हा चालवलं. घरघर नाहीशी! इंजिन निर्दोष होतं. पंपाची पुली हातानं हलवली तर ती डुगडुगत होती, आणि खालच्या भोकातून पाणी झिरपल्याचा डाग पडला होता. आवळलेल्या पट्ट्यानं बेअरिंग खाल्लं होतं.

"रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला की आवाज बंद होतो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "घाटात नेऊ नका."

समोरच्या दुकानदारानं ओढलेलं शटर पुन्हा उघडून पंप दिला. बसवायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी भाच्याला किती फोन केले ते विचारू नका. रात्री एकच्या सुमारास खंबाटकी चढताना पुढं ट्रकची रांग होती, पाऊस होता, आणि माझी नजर रस्त्यापेक्षा उष्णतेच्या काट्यावर अधिक होती. काटा मध्यावरून हलला नाही. दवाखान्यात अक्का जागी होती. "एवढ्या रात्री घाटातून यायचं काही नडलं होतं का रे?" ती रागावली, आणि माझा हात तिनं सकाळपर्यंत सोडला नाही.

आता गॅरेज मुलगा पाहतो. त्याच्याकडे स्कॅनर आहे. तो बॅटरीचा दाब सांगतो, पाण्याची उष्णता सांगतो. पट्ट्याची चिवचिव मात्र त्याला ऐकू येत नाही. नव्या जातीच्या रबराचे पट्टे जुन्यांसारखे भेगाळत नाहीत, नुसते झिजतात. म्हणून मुलगा खाचांची खोली मापानं मोजतो. मिस्त्रींना हे पसंत नाही. मरायच्या आधी तोंडावर सुरकुतीही न दाखवणारा पट्टा त्यांना लबाड वाटतो.

ते दाराशी स्टुलावर बसतात. ऐकू अजिबात येत नाही, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं आवाज कागदावर लिहून त्यांच्या हातात देतात. परवा मी 'टकटक' असं लिहून दिलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद दोनदा वाचला, कानामागची पेन्सिल काढून शेजारी 'ठकठक?' असं लिहिलं, आणि त्याखाली 'गार असताना की चढावर?' असं विचारून कागद मला परत दिला.