दोघांची ताजी भाजी

बहुतेक सस्तन प्राण्यांची शरीरे ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. गाय, कुत्रा, मांजर, उंदीर यांना त्यासाठी आहाराच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. माणूस आणि गिनीपिग मात्र या बाबतीत सारखेच परावलंबी आहेत; ते तयार करण्यासाठी लागणारे एक एन्झाइम दोघांच्याही शरीरात नसते. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. दीर्घ सफरींवरील खलाशांना ग्रासणारा हाच तो विकार. ‘क’ जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट पुढे याच प्रयोगांतून मोकळी झाली.

विद्यार्थीदशेत वाचलेला हा इतिहास मला एका रुग्णामुळे पुन्हा आठवला. ७४ वर्षांचे हे निवृत्त शिक्षक एकटे राहतात. नात शिक्षणासाठी परगावी गेली आणि तिचा गिनीपिग आजोबांच्या स्वाधीन झाला. रक्तदाब तपासून झाल्यावर ते संकोचाने म्हणाले, “डॉक्टर, जरा विषयांतर करतो. त्याला ताजी भाजी सुरू करायची आहे. कशी करू?”

मी त्यांना सांगितले, “काका, त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवतच. ते दिवसरात्र त्याच्यापुढे हवे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावूनच ते झिजतात आणि पचनही चालू राहते. भाजी ही त्याला जोड. एका वेळी एकच नवी भाजी, तीही पहिल्या दिवशी बोटाच्या पेराएवढी. दोन-तीन दिवस लेंड्या पाहा. त्या घट्ट राहिल्या तर प्रमाण वाढवा, मगच दुसरी भाजी आणा.”

प्रारंभ ढोबळी मिरचीने करावा. बिया आणि देठ काढून. एक किलो वजनाच्या निरोगी गिनीपिगला दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते आणि या मिरचीची एक-दोन कापे त्यातला मोठा वाटा उचलतात. कोथिंबीर चालते. गाजर गोड असल्याने अधूनमधून एखादी चकती पुरे. पालकात ऑक्झलेट अधिक असल्याने तो क्वचितच. कांदा, लसूण, बटाटा आणि शिजवलेले अन्न पूर्ण वर्ज्य. भाजी धुऊन, निथळून द्यावी आणि उरलेली दोन-तीन तासांत काढून टाकावी. जीवनसत्त्वाचे थेंब पिण्याच्या पाण्यात मिसळून निर्धास्त राहू नये. ते पाण्यात लवकर निष्प्रभ होते. प्राण्याने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याकडे न्यावे. घरातले अमॉक्सिसिलिन तर त्याला कदापि देऊ नये. आपल्याला मानवणारे हे औषध त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करून प्राणघातक ठरू शकते.

काकांनी हे सारे वहीत टिपून घेतले. मी सहज विचारले, “आणि आपण काय जेवता?” सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वरणभात, रात्री दूधपोळी. “एकट्यासाठी कोण भाजी निवडत बसणार?” दाढा उरल्या नसल्याने फळेही सुटली होती. त्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, दात घासताना रक्त येई आणि पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके होते. अशी लक्षणे इतर आजारांतही दिसतात, म्हणून रक्ताच्या तपासण्या केल्या; त्या समाधानकारक आल्या. गोळ्या आणि आहार यांनी काही आठवड्यांत हिरड्या सुधारल्या. वार्धक्यात अशा खुणा ‘वयामुळेच’ म्हणून सोडून दिल्या जातात, याचे मला वाईट वाटते.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. एक मध्यम पेरू ही गरज सहज भागवतो. चावत नसेल तर तो कुस्करून बिया गाळाव्यात. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची बारीक किसून कोशिंबीर करावी. उष्णतेने हे जीवनसत्त्व घटते, म्हणून लिंबू वरणाला उकळी येत असताना नव्हे, तर ताटात वाढल्यावर पिळावे. येथेही बदल क्रमानेच करावा, म्हणजे पोट बिघडलेच तर कारण कळते. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळे आणि भाज्यांचे प्रमाण आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

काका आता रोज सकाळी कोथिंबीर निवडतात. एक वाटी त्याची, एक वाटी स्वतःची. दूर राहणाऱ्या मुला-नातवंडांना माझी एवढीच विनंती आहे, की फोनवर “जेवलात का?” असे विचारून थांबू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. “आज ताजे काय खाल्लेत?” असे विचारा.