गेटवेवरचा फोटो

गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो विकणाऱ्या सगळ्यांचा माल एकच असतो: १९२४ साली खुली झालेली तीच कमान, तेच ताज हॉटेल, तोच समुद्र. विकणारे मात्र पावलापावलावर. त्यामुळे इथली चुरस फोटो कोण चांगला काढतो यापेक्षा गिऱ्हाईक कोण आधी हेरतो, याचीच जास्त असते. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर पिशवी आणि हातात नमुन्याचा अल्बम, एवढेच दुकान. घारापुरीच्या लाँचकडे निघालेला माणूस अल्बमातल्या अनोळखी हसऱ्या कुटुंबांकडे पाहून जरा थबकला, की सौदा सुरू होतो.

आज पन्नाशी ओलांडलेल्या फोटोवाल्याने उमेदीत ३६ फोटोंचा रोल वापरलेला असतो. तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजे ते न पाहिलेल्या फोटोचे. रोल संपायचा, धुऊन यायचा, कॉपी निघायच्या आणि पाकीट टपालाने गावी जायचे. कॅमेऱ्याइतकीच नावपत्त्यांची वहीही जपावी लागे. पोलरॉइडने ही वाट पाहणे संपवले. पण त्याची फिल्म महाग, एक फोटो बिघडला की त्या गिऱ्हाइकावरची कमाई गेली.

डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत मावणारा प्रिंटर आल्यावर धंद्याचा हिशेबच बदलला. छोट्या डाय-सब्लिमेशन प्रिंटरात कागद चारदा मागेपुढे सरकतो: आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा रंग आणि शेवटी पारदर्शक थर. मिनिटाभरात पोस्टकार्डाएवढा कोरडा फोटो हातात पडतो. मात्र प्रत्येक फोटोमागे रिबनचा ठरावीक तुकडा संपतोच, मग चित्रात नुसते आभाळ असो की दहा माणसांचे कुटुंब. म्हणून घासाघीस कितीही झाली तरी कागद-रिबनच्या खर्चाखाली जाणे परवडत नाही. सकाळी भवानी व्हायची असेल, तर त्या मर्यादेपर्यंत उतरण्याची तयारी मात्र असते.

मोबाइलने या धंद्याच्या मुळावरच घाव घातला. तरी काही गिऱ्हाईक उरले. घरच्यांपैकी एकाने मोबाइल धरला तर तो चित्राबाहेर राहतो. सेल्फी काढली तर चेहरे येतात आणि कमान कापली जाते. फोटोवाल्याला जागा आणि ऊन दोन्ही पाठ असतात. सकाळी ताज उजळलेला असतो आणि कमानीची शहराकडची बाजू सावलीत. दुपार कलली की कमानीवर ऊन येते. सकाळीच कमान हवी असेल, तर चेहरे काळे पडू नयेत म्हणून फ्लॅश मारावा लागतो. ही जाण भावात वेगळी धरली जात नाही, हा या धंद्यातला अन्यायच.

इंटरनेटवर फोटो विकणारा एकच चित्र शंभर जणांना विकू शकतो. गेटवेवर ती सोय नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो. म्हणजे एक फोटो, एक गिऱ्हाईक. नमुन्याच्या अल्बमातल्या चेहऱ्यांना कुणी विचारलेले असते का, हा प्रश्न सहसा निघत नाही.

आता फोटो न छापता थेट मोबाइलमध्ये उतरवून देण्याचाही मार्ग आहे. त्यात रिबन वाचते, पण हातात कागद पडत नसल्याने गिऱ्हाईक भाव आणखी पाडून मागते.