आकाश पेला, धनुष्य ओढा, डोळे वटारा!

हातातलं काम ठेवा आणि उभे राहा! हो, आत्ताच! पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे किंचित सैल, बोटं पोटापाशी एकमेकांत गुंफलेली, आणि मग हात छातीपर्यंत आणा आणि मग तळवे उलटे करून वर, आणखी वर, अख्खं आकाश दोन हातांवर पेलायचंय, नजरही वर! काखेपासून कमरेपर्यंत ताण आला ना? आला!

झालं! बादुआनजिनची पहिली हालचाल तुम्ही केलीतसुद्धा!

बादुआनजिन म्हणजे चीगाँग या चिनी व्यायामपद्धतीतला आठ हालचालींचा संच. मी यातली तज्ज्ञ नाही, अगदीच नवखी आहे. मला चिनी येत नाही आणि आसपास शिकवणारंही कुणी नाही. पण ऐका, गुरू नसतानाही हे जमतंय आणि त्याचं कारण सापडल्यापासून मला गप्प बसवत नाहीये! कारण आहे हालचालींची नावं! प्रत्येक नाव म्हणजे सात अक्षरांची एक ओळ, आणि काय करायचं ते त्या ओळीतच सांगितलेलं! जात्यावरच्या ओवीसारखी ती ओळ मनात सुरू झाली की हात आपोआप फिरायला लागतात!

दुसरी हालचाल घ्या. धनुष्य ओढून ससाण्यावर नेम धरायचा! घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, एका हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून तो हात बाजूला, दुसऱ्या हातानं न दिसणारी दोरी खेचायची आणि मग बघायचं कुठे? तर्जनीच्या पलीकडे! ससाणा तिकडेच आहे ना! मान किती वळवू, नजर कुठे ठेवू, हे विचारावंच लागत नाही. एका पक्ष्यानं सगळं सांगून टाकलं!

आणि सातवी! मुठी आवळायच्या, अंगठा मुठीच्या आत, आणि मग ठोसा अगदी सावकाश पुढे न्यायचा आणि डोळे वटारायचे! व्यायामात डोळे वटारायला सांगतात, तेही नावातच लिहून! आठवी तर इतकी साधी, की आधी विश्वासच बसत नाही. टाचा उचला, तोल सांभाळा, टाचा सोडा. सात वेळा. ती बारीकशी थाप तळपायापासून डोक्यापर्यंत जाते! करून बघा, जाते!

हे किती जुनं आहे? सोंग राजवटीच्या काळातल्या (960–1279) लेखनात बादुआनजिनचं नाव सापडतं. आणि त्याच्याही कितीतरी आधीचं काही! चीनच्या हुनान प्रांतात, चांगशाजवळच्या मावांगदुईमध्ये, इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेली एक कबर 1973 साली उघडली आणि तिच्यात रेशमावरचं एक चित्र निघालं. त्यात व्यायाम करणारी 44 माणसं! बायका, पुरुष, म्हातारे, तरुण, एकाच्या हातात चक्क काठी! आणि शेजारी छोट्या छोट्या मथळ्यांत हालचालींची नावं! म्हणजे चित्र आणि नाव, एवढ्यावर शिकणारे त्या काळीही असणार. मला तरी असंच वाटतं, आणि या विचारानं मी हरखून गेलेय!

2003 साली चीनच्या क्रीडा प्रशासनानं चार जुन्या पद्धतींची प्रमाणित मांडणी केली, त्यात बादुआनजिन आहे. म्हणून आज व्हिडिओ बघून करणाऱ्यांना सगळीकडे साधारण एकच क्रम मिळतो. दहा-बारा मिनिटांत आठही होतात! दोन्ही हात पसरता येतील एवढी जागा पुरते! चटईसुद्धा लागत नाही!

फक्त घाई नको. श्वास रोखू नका, तो आपोआप येऊ दे. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका. पाचव्या आणि सहाव्या हालचालीत डोकं खाली जातं, तेव्हा रक्तदाब किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तोवर त्या दोन सरळ सोडून द्या. गुरू नाही म्हटल्यावर गुडघ्याचं आणि श्वासाचं आपणच ऐकायला हवं, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि मग पुढचं! त्या चार प्रमाणित पद्धतींतच आणखी एक आहे, पाच प्राण्यांचा खेळ, हुआ तुओ या प्राचीन वैद्याच्या नावानं ओळखला जाणारा! वाघ, हरिण, अस्वल, माकड आणि पक्षी! उद्यापासून सुरू करतेय. माकड माझं ठरलं! तुम्ही बाकीच्या चारांतलं एक निवडा आणि लगेच कळवा!