श्रावणात अडणारा खण

लकडगंजातून बाबांनी टेबलासाठी आणलेलं सागवान महालातल्या आमच्या घराच्या पडवीत कितीतरी महिने नुसतं उभं होतं. नागपूरचा एक उन्हाळा अंगावर काढल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही, हा मिस्त्रीकाकांचा हुकूम. त्यामुळे त्या ४५ अंशांच्या मे महिन्यात आम्ही वाळ्याच्या ताट्यांआड लोळत होतो आणि लाकूड बाहेर निमूटपणे आपला ओलावा सोडत होतं. माल आलापल्लीकडचा. १९५० साली मध्यप्रांत ऊर्फ सीपी हे नावच गेलं, १९५६ साली राजधानीही गेली, पण बाजारात त्या सागाला ‘सीपी टीक’च म्हणत राहिले.

काका आले ते पहिला दिवसभर पटाशा धारेच्या दगडावर घासत बसले. पाण्याचे थेंब, करडा चिखल, आणि शेवटी मनगटावरचे चार केस तासून धार बघणं. दुसऱ्या दिवशी रंधा सर्रर्र करत चालू लागला, त्याच्या तोंडातून पापडासारखी पातळ सोनेरी वेटोळी उमलून पडू लागली आणि घरभर सागाचा वास पसरला. थोडा चामड्याचा, थोडा कडवट तेलाचा, आईच्या फोडणीलाही न जुमानणारा. मी ती वेटोळी कानांत डुलांसारखी अडकवून हिंडायचो आणि करवतीचं दुसरं टोक धरतो म्हणून अर्धं टेबल आपणच करतोय, असं गल्लीत सांगायचो.

टेबलात खिळा एकही नव्हता. भोक पटाशीनं दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं कोरायचं. कुसू त्यात अर्धं हातानं जावं, उरलेलं मोगरीच्या चार ठोक्यांनी. सैल झालं तर सरसही ते वाचवत नाही, फार घट्ट झालं तर लाकूड चिरतं. हे मला पाठ होतं, म्हणूनच एका दुपारी काका डोळा लागून पडले असताना मी मोगरी उचलली. तिसऱ्या ठोक्याला पायाला टोकापर्यंत भेग!

“काहून घाई करून राह्यला बे? लाकूड काय पळून चाललं?” एवढंच ते म्हणाले. नवा पाय घडवला आणि त्या चिरलेल्या तुकड्यातून मला तान्ह्या पोळ्यासाठी वीतभर नंदी कोरून दिला. बिनरंगाचा, बिनचाकाचा, पोटावर भेग मिरवणारा. तो मी स्वतः केला, हेही अर्थात गल्लीत सांगून झालं.

वाडा पाडून फ्लॅट झाला. मुलानं दोन दिवसांत प्लायवूडचं स्वयंपाकघर बसवून घेतलं. त्याचे खण बोट लावलं की आवाज न करता आपोआप मिटतात, आणि मला ते मनापासून आवडतात. टेबल मात्र लिफ्टमध्ये मावेना, ते दोरांनी बाल्कनीतून वर आलं. त्याचा उजवा खण दर श्रावणात फुगतो आणि अडून बसतो. विजेच्या रंध्याचं दोन मिनिटांचं काम, असं सगळे सांगतात, आणि मी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलतो.

नंदी त्याच खणात असतो. त्यामुळे ऐन तान्ह्या पोळ्याला तो कधीच हाती लागत नाही. यंदाही नातवाला इतवारीतून झूल घातलेला, चाकांचा नंदी आणून दिला. आमचा नंदी दसरा उलटून गेल्यावर निघाला.