बाकावरचा माणूस

अण्णांच्या डोळ्यांचा पडदा अधू झाल्यापासून रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांना तासभर वाचून दाखवते. अक्षराच्या कडा दिसतात, मधलं पुसल्यासारखं होतं, असं ते सांगतात. ज्यांनी तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला, त्यांतल्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांबद्दल जे घरच्या माणसांसारखं बोलले, ते बंद पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले मला बघवत नव्हते.

नुकतीच मी केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ संपवली होती. मूळ जपानी पुस्तक २००५ चं, तिकडचा मानाचा नाओकी पुरस्कार मिळालेलं. २०२३ मध्ये त्यावर ‘जाने जाँ’ हा हिंदी सिनेमा आला आणि टोकियोची गोष्ट कालिंपाँगला गेली. तो पाहून मी पुस्तकाकडे वळले होते. माझ्याकडे इंग्रजी भाषांतर होतं. ते समोर ठेवून तोंडाने मराठी करत अण्णांना सांगायचं ठरवलं.

पहिल्याच रात्री अण्णा नाराज झाले. यासुको नावाची बाई, तिची शाळकरी मुलगी, पैशांसाठी छळणारा जुना नवरा. झटापट होते आणि मायलेकींच्या हातून तो मरतो. गळ्याभोवती कोतात्सूची वायर. कोतात्सू म्हणजे बुटकं टेबल, खालून विजेची शेगडी, वरून गोधडी, हे समजावण्यातच पाच मिनिटं गेली. “खून कुणी केला ते सांगून टाकलंस. आता उरलं काय?” अण्णा म्हणाले.

उरतो शेजारी राहणारा इशिगामी. गणिताचा शिक्षक, बुद्धी अफाट, पण आयुष्य शाळेत अडकलेलं. यासुको ज्या डब्यांच्या दुकानात काम करते तिथून तो रोज डबा घेतो, तेवढंच त्याचं सुख. तिला वाचवायचं काम तो स्वतःकडे घेतो. समोर उभा ठाकतो त्याचाच कॉलेजचा मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक युकावा. इशिगामी परीक्षेत असं गणित घालतो की ते भूमितीचं वाटावं आणि सुटावं मात्र बीजगणिताने. पोलिसांपुढेही त्याने तसंच काहीतरी ठेवलेलं असतं. दुसऱ्या रात्रीपासून अण्णा त्याला “आपले मास्तर” म्हणू लागले.

ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

कादंबरीच्या सुरुवातीला इशिगामी सकाळी शाळेत निघतो. वाटेत सुमिदा नदीच्या काठाला निळ्या प्लास्टिकच्या झोपड्या आहेत, बेघरांच्या. एक जण रिकामे डबे चेपत बसलेला. बाकावर आणखी एक, अलीकडेच आलेला, यंत्रांविषयीचं मासिक वाचणारा. परत नोकरी लागेल अशी आशा त्याने सोडलेली नाही, म्हणून इशिगामी त्याला मनातल्या मनात ‘इंजिनिअर’ म्हणतो. एवढंच. मी स्वतः वाचताना हे पान वातावरणनिर्मिती समजून भराभर उलटलं होतं. अण्णांना सांगतानाही जरा घाईनेच उरकलं.

चौथ्या रात्री प्रश्न आला, “अगं, तो बाकावर मासिक वाचत होता, तो पुढे दिसला नाही.”

मी पुस्तक खाली ठेवलं. पोलिसांना जे प्रेत सापडतं ते कुणाचं, या एका प्रश्नावर सगळी कादंबरी उभी आहे. शेवटाला आले तेव्हा मी थक्क होऊन पानं मागे उलटली होती. आणि अण्णा, पान न दिसणारा माणूस, तिथे अर्ध्या वाटेतच पोचले होते. मला खून उलगडायचा होता, म्हणून मी पुढे पळत होते. त्यांना ऐकण्याखेरीज दुसरं काही करायचं नव्हतं. जो माणूस भेटला तो त्यांच्या लक्षात राहिला.

या पुस्तकाबद्दल कुणाशीही बोला, इशिगामीच्या त्यागाने डोळे भरून आल्याचं सांगतील. माझेही भरले होते. सिनेमातला जयदीप अहलावतचा शिक्षक आजही मनातून जात नाही. पण अण्णांना सांगताना शेवटच्या प्रकरणात माझा आवाज अडखळला तो इशिगामीसाठी नव्हे. एका बाईला वाचवायला ज्याची कुणी चौकशी करणार नाही असा माणूस निवडला गेला. हिगाशिनोने त्याला पहिल्याच पानांत आपल्यासमोर आणून बसवलं होतं आणि आपण इशिगामीबरोबर पुढे निघून गेलो. मला ही प्रेमकथा म्हणवत नाही. पण इतकी कसून बांधलेली रहस्यकथा मी गेल्या कित्येक वर्षांत वाचलेली नाही.

त्यानंतर आम्ही रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ घेतली. निवृत्तांच्या वसाहतीतले चौघं जुन्या खुनांचा छडा लावतात. मला त्यातली जॉईसची डायरी फार आवडली, विशेषतः म्हातारपणी नवी मैत्री जमल्याचा तिचा आनंद. अण्णांना मात्र पात्रांची गर्दी झेपेना. अँथनी हॉरोविट्झची ‘मॅगपाय मर्डर्स’ तर वाचून दाखवण्याजोगी नाहीच. कादंबरीच्या पोटात दुसरी कादंबरी, आणि तिचीही शेवटची प्रकरणं गहाळ. ती डोळ्यांनीच वाचायला हवी.

परवा दिवा मालवताना अण्णांनी विचारलं, “त्या बाकावरच्याचं नाव काय गं होतं?”

मी पुस्तक पुन्हा चाळलं. ‘इंजिनिअर’ एवढंच सापडलं, तेही इशिगामीने ठेवलेलं.

“मग उद्या तो नदीकाठचा भाग परत वाच,” अण्णा म्हणाले. “सावकाश.”